बळींचा हिशेब : बाळू पालवणकर यांचे चरित्र



पोळा सरून हिवाळ्याची चाहूल लागली की आपल्या सावरगावात जाम नदीच्या काठच्या मोकळ्या जागेवर क्रिकेटचा डाव मांडला जातो, हे तुम्हांस सांगावयास नको. गेल्या हिवाळ्यात शाळेतील दोन विद्यार्थी धावफलकाची वही घेऊन आमच्याकडे वाद सोडवून घ्यावयास आले. एकाने त्या हंगामात १२ बळी घेतले होते व त्यासाठी ९६ धावा दिल्या होत्या. दुसऱ्याने ९ बळी घेतले होते व ५४ धावा दिल्या होत्या. श्रेष्ठ कोण, हा प्रश्न होता. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. गणिताशी आमचे फारसे सख्य नाही. तथापि एवढा भागाकार आम्हांसही येतो. पहिल्याने एका बळीसाठी ८ धावा मोजल्या, दुसऱ्याने ६. गोलंदाजाची सरासरी जितकी कमी तितका तो चांगला, म्हणून दुसऱ्याच्या बाजूने कौल देऊन आम्ही मोकळे झालो. परंतु वही मिटल्यावर मन स्वस्थ बसेना. केवळ भागाकाराने माणसाची योग्यता ठरते काय? आणि ठरत असेल, तर जगाने ती सदैव मान्य केली आहे काय? या विचारात असताना ज्या पुरुषाचे स्मरण आम्हांस झाले, त्याचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहो. तो पुरुष म्हणजे हिंदुस्थानचा पहिला थोर गोलंदाज बाळू पालवणकर.

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे चर्मकार समाजातील; पालवण या गावावरून पालवणकर हे आडनाव आलेले. वडील लष्करात नोकरीला असल्यामुळे कुटुंब पुण्यास राहावयास आले. तेथे छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे खेळू लागले. शाळेचे शिक्षण फार झाले नाही. पोटासाठी बाळू यांनी प्रथम पुण्यातील एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रूळ फिरविण्याचे काम धरले. महिना पगार तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात नोकरीस लागले. तेथे चार रुपये मिळू लागले.

जिमखान्यात मैदान झाडणे, जाळी उभारणे, टेनिसच्या पटांगणावर पांढऱ्या रेघा आखणे ही त्यांची कामे होती. सरावाच्या वेळी साहेबांना चेंडू टाकण्यास कोणी तरी हवा असे. तो मान या तरुणाकडे आला आणि पाहता पाहता सर्वांच्या लक्षात आले की हा डाव्या हाताने मंदगतीने फिरकी चेंडू टाकणारा मुलगा असामान्य आहे. कॅप्टन ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित फलंदाज इतरांच्या आधी एक तास मैदानावर येई व बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करी. आपणास बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते, असे सांगतात. चार रुपये पगारात आठ आण्यांचे मोल किती, हे तुम्हीच ताडून पाहा. आठ वेळा साहेबास बाद केले की एका महिन्याचा पगार! मात्र साहेबांनी बाळू यांच्या हाती बॅट कधी दिली नाही. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम आणि फलंदाजी हा मोठ्यांचा मान, अशी त्या काळची समजूत होती.

पुण्यात त्या वेळी हिंदूंचाही एक क्लब होता. युरोपियनांना हरवावे अशी त्याची ईर्ष्या. साहेबांना रोज चकविणारा गोलंदाज गावातच आहे, हे त्यास ठाऊक होते. परंतु तो अस्पृश्य मानलेल्या जातीचा. त्यास संघात घ्यावे की नाही यावर बराच वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा बलवत्तर ठरली व बाळू यांस संघात घेण्यात आले. मैदानावर ज्या चेंडूस त्यांचा हात लागे, त्याच चेंडूस इतरांचाही हात लागे. तेथे विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की सवंगडी आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळू यांस बाहेर मातीच्या कुल्हडातून चहा मिळे. त्यांच्या जेवणाचे पान वेगळ्या जागी मांडले जाई. मुलांनो, ज्याने सकाळभर बळी घेऊन संघास विजय मिळवून द्यावयाचा, त्यानेच दुपारी बाहेर उभे राहावयाचे, ही गोष्ट आज वाचताना आपणास लाज वाटते. वाटलीच पाहिजे.

बाळू यांनी याचे उत्तर जिभेने दिले नाही, चेंडूने दिले. पुण्याच्या संघाने एकामागून एक युरोपियन संघ हरविले. साताऱ्याच्या सामन्यापूर्वी तेथील गोऱ्यांनी बाळू यांच्या फिरकीची धार बोथट करण्यासाठी आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी गुळगुळीत केली होती, असे सांगतात. तरीही बाळू यांनी सात बळी घेतले. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला आणि ज्याच्यासह खेळता त्याच्यासह जेवावयास का कचरता, असा प्रश्न खेळाडूंना केला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

इ. स. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईस गेले. तेथे त्यांनी नोकरी धरली व हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. मुंबईतील क्रिकेट त्या काळी धर्मवार विभागलेले होते. युरोपियनांचा एक संघ, पारशांचा एक, हिंदूंचा एक; पुढे १९१२ पासून मुसलमानांचाही संघ आला आणि तिरंगी सामन्यांचे चौरंगी सामने झाले. जामच्या दोन काठांवरील ईर्ष्या ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आपल्या पक्षाचा अभिमान म्हणजे काय हे समजावून सांगणे नको. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी दोन डावांत २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. हिंदूंचा १०९ धावांनी विजय झाला. त्या संघात बाळू व शिवराम हे दोघेही बंधू होते. राज्यकर्त्यांच्या संघास हरविल्याचा आनंद तर मोठा होताच. पण सुधारकी वृत्तपत्रांनी त्याहून वेगळा धडा त्यातून काढला. भिन्न जातींचे लोक खांद्याला खांदा लावतात तेव्हाच विजय मिळतो, हा तो धडा होय. मुंबईत हळूहळू बाळू आपल्या सहकाऱ्यांच्या पंक्तीस जेवूही लागले.

मग आले १९११ साल. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली सर्व धर्मांच्या खेळाडूंचा संघ इंग्लंडला गेला. बाळू यांचे वय पस्तीस. गोलंदाजास हे वय फार झाले. त्यातच खांदा दुखत होता. महाराज थोडे सामने खेळून बादशहाच्या राज्यारोहणाच्या समारंभात रमले. संघ प्रथम श्रेणीचे १४ सामने खेळला. त्यांपैकी दोन जिंकले, दोन अनिर्णित राहिले आणि १० गमावले. परंतु या पराभूत संघातील एका माणसाचे आकडे पाहा. सर्व सामने मिळून बाळू यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यांतील केवळ प्रथम श्रेणीचे सामने धरले तर ७५ बळी, सरासरी २०.१२. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत आठ गडी बाद केले. लेस्टरशायरवर मिळविलेल्या विजयातही त्यांचाच वाटा मोठा होता.

येथे क्षणभर थांबून पाटी-पेन्सिल हाती घेऊ. बाळू यांची प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील एकूण कामगिरी अशी नोंदलेली आहे : सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. डावात पाच किंवा अधिक बळी १७ वेळा. सामन्यात दहा किंवा अधिक बळी चार वेळा. १७९ ला १५.२१ ने गुणले की त्यांनी एकंदर सुमारे २७२३ धावा दिल्या असे निघते. त्यांतून इंग्लंडमधील ७५ बळी व त्यांसाठी दिलेल्या सुमारे १५०९ धावा वजा करा. उरले १०४ बळी आणि १२१४ धावा. म्हणजे इंग्लंडच्या त्या दौऱ्याबाहेर बाळू यांची सरासरी ११.६७ इतकी उतरते!

आता कोणी घाईने म्हणेल की इंग्लंडात त्यांचा खेळ निम्म्याने उतरला. सरासरीचा एकच आकडा पाहणाऱ्याची ही फसगत होय. इंग्लंडातील फलंदाज अधिक कसलेले, हवा परकी, खांदा दुखरा, शिवाय संघ दुबळा. दुबळ्या संघाच्या गोलंदाजास आणखी एक तोटा असतो : प्रतिपक्षाने एका डावातच सामना जिंकला, तर दुसऱ्या डावातील दहा बळी घेण्याची संधीच उरत नाही. असे असूनही संघाच्या दर सामन्यामागे त्यांचे पाचांहून अधिक बळी पडतात. म्हणून २०.१२ हा आकडा आम्हांस ११.६७ पेक्षा कमी तोलाचा वाटत नाही. आकडा कोणत्या परिस्थितीत उमटला हे पाहिल्याविना त्याचा अर्थ लागत नाही.

हाच विचार अमेरिकेत एका शास्त्राच्या पदवीस पोचला आहे. तिकडे बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ लोकप्रिय आहे. एकोणिसाव्या शतकात हेन्री चॅडविक या इंग्लंडात जन्मलेल्या वार्ताहराने क्रिकेटचा धावफलक डोळ्यांपुढे ठेवून बेसबॉलच्या नोंदी करण्याची पद्धत रूढ केली. पुढे १९७७ पासून बिल जेम्स या लेखकाने, कारखान्यात रात्रीचा पहारा करता करता, त्या नोंदींचे गणित नव्याने मांडले. या गणिताचा गाभा सोपा आहे. या खेळाडूच्या जागी, याच मैदानावर, याच प्रतिपक्षासमोर एखादा सामान्य खेळाडू असता तर काय घडले असते, याचा अंदाज प्रथम बांधावयाचा. मग प्रत्यक्षात जे घडले ते त्याच्याशी ताडून पाहावयाचे. जो फरक उरेल ती त्या खेळाडूची खरी किंमत. रूप, घराणे, बोलबाला यांना त्या हिशेबात जागा नाही. २००२ साली ओकलंड येथील एका कमी पैशाच्या संघाने या रीतीने इतरांनी दुर्लक्षिलेले खेळाडू निवडले व लागोपाठ वीस सामने जिंकून दाखविले.

परंतु त्याच अमेरिकेत १९४७ पर्यंत काळ्या वर्णाच्या खेळाडूंना मोठ्या संघांची दारे बंद होती. ते आपल्या वेगळ्या संघांतून खेळत आणि त्यांच्या पराक्रमाची नोंद मुख्य वहीत होत नसे. ही चूक २०२४ साली दुरुस्त झाली. त्यांचे आकडे मुख्य नोंदींत मिळविताच, १९४७ सालीच निवर्तलेल्या जॉश गिब्सन या काळ्या खेळाडूची फलंदाजीची सरासरी सर्वांत वरची ठरली. आकडे खोटे बोलत नव्हते. त्यांना बोलूच दिले नव्हते.

बाळू यांच्या वहीचीही हीच कथा. प्रथम श्रेणीच्या नोंदींत त्यांचे नाव येते तेव्हा ते तिशीला टेकले होते. पुण्याच्या मैदानावर साहेबांची यष्टी उडविणारी त्यांची विशी, म्हणजे गोलंदाजाच्या हातात खरे बळ असण्याची वर्षे, त्या ३३ सामन्यांत नाहीच. जाळीत ग्रेगला त्यांनी कितीदा बाद केले याचा आकडा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. १७९ हा त्यांच्या पराक्रमाचा आकडा नसून, त्यांना मिळालेल्या संधीचा आकडा होय.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईतील दलित बांधवांनी त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातील मानपत्राच्या कामी एका तरुण विद्यार्थ्याचा हात होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. त्या विद्यार्थ्यास बाळू हे आपल्या समाजाचे भूषण वाटत होते.

एवढे कर्तृत्व असूनही एक गोष्ट बाळू यांना मिळाली नाही. हिंदू संघाचे कर्णधारपद! अनुभवाने ते ज्येष्ठ होते, बळींनी श्रेष्ठ होते, खेळाची जाण त्यांच्याइतकी क्वचितच कोणास होती. १९१० च्या सुमारापासून त्यांच्या नावाचा आग्रह धरणारे लोक होते. पण निवड करणाऱ्यांची दृष्टी जातीपलीकडे गेली नाही. कर्णधारपद मुकुंदराव पै यांस मिळाले. पै हे आडनाव आम्हां कोकणी भाषिकांच्या नित्य परिचयाचे. म्हणून पुढील गोष्ट सांगताना आम्हांस विशेष समाधान वाटते. १९१३ साली एका सत्कारप्रसंगी पै यांनी स्वतःच भर सभेत सांगितले की हा मान वस्तुतः बाळू यांचा होता. ज्यास मान मिळाला त्यानेच तो दुसऱ्याचा आहे असे म्हणावे, यास मोठे मन लागते. पण मित्रहो, न्याय हा कोणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडून देण्याची वस्तू नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पै यांचे शब्द गोड होते, तथापि पद बाळू यांस लाभले नाहीच.

पालवणकर बंधू चार. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. चौघेही हिंदू संघाकडून खेळले. इंग्लंडच्या दौऱ्यात सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक झळकाविले व संघ एका गड्याने जिंकला. १९२० साली कर्णधारपदाच्या प्रश्नावर बंधूंनी उघड निषेध नोंदविला. अखेर १९२३ मध्ये धाकटे विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. थोरल्या भावाने पेरलेल्या झाडाचे फळ धाकट्याच्या हाती आले. विठ्ठल हे उत्तम फलंदाज तर होतेच. त्यांनी पुढे मराठीत आपले क्रीडाजीवनही लिहून ठेवले.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. १९३२ साली महात्मा गांधी येरवड्यास उपोषणास बसले असता जो पुणे करार झाला, त्यावर सही करणाऱ्यांत बाळू यांचे नाव आहे. पुढे त्यांचे व डॉ. आंबेडकरांचे मार्ग भिन्न झाले. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळू यांस डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्या विद्यार्थ्याने एके काळी त्यांचा गौरव केला, तोच आता समोर होता. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळू यांस ११,२२५. अंतर २,०२० मतांचे. डॉ. आंबेडकर निवडून आले आणि त्यांच्या हातून पुढे देशाचे केवढे मोठे कार्य घडले, ते तुम्ही जाणताच. त्या लढतीत कोणाची बाजू बरोबर होती याचा निवाडा येथे करीत बसत नाही. एकाच दुःखातून वर आलेल्या दोन थोर पुरुषांना मार्ग मात्र दोन दिसले, एवढेच म्हणतो. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईस बाळू यांचे देहावसान झाले.

या चरित्रापासून काय शिकावे? खेळाचा आकडा जात विचारीत नाही. चेंडू यष्टीवर आदळला की तो बळीच. टाकणाऱ्याचे कूळ धावफलकात लिहिण्याची सोय नाही. म्हणून जन्माने हीन ठरविलेल्या माणसास आकड्यांचा मोठा आधार असतो. बाळू यांच्या १७९ बळींना कोणी नाकारू शकले नाही. पण आकड्यालाही दोन गोष्टी लागतात : मैदानावर प्रवेश देणारा कोणी तरी लागतो आणि उमटलेला आकडा प्रामाणिकपणे वाचणारा कोणी तरी लागतो. पहिली गोष्ट बाळू यांस उशिरा मिळाली, दुसरी अर्धवट मिळाली. गणित आपले काम करून मोकळे होते; पुढचे काम माणसांचे असते.

आता आमच्या त्या दोन विद्यार्थ्यांकडे वळू. हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही त्यांची वही पुन्हा मागवून घेतली व पानांमागून पाने चाळली. १२ आणि ९ बळींचे दोघे होते, आणखी चौघा-पाचांची नावे होती. परंतु जो मुलगा दररोज मैदानाच्या कडेला उभा राहून नदीकडे गेलेला चेंडू धावत जाऊन आणून देतो, त्याचे नाव एकाही पानावर नव्हते. त्याची सरासरी किती? वहीवरून काढता येत नाही. कारण त्यास एकही षटक कोणी दिलेले नाही. तो तेथे रोज असतो हे आम्हीही पाहत होतो, आणि आम्हीही कधी विचारले नाही. ही आमचीच चूक. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना एवढेच सांगितले की डाव सुरू होण्यापूर्वी त्याच्या हाती चेंडू द्या व वहीत त्याच्या नावाची ओळ आखा.

त्याने किती बळी घेतले, हे पुढील अंकी कोणी विद्यार्थ्याने लिहावे. थोडे असतील, अधिक असतील. ओळ मात्र आता आहे.